दुखायचं थांबलं त्याचे पेढे

आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी माझे मोजे असायचे. ओले करून, पिळून, पिशवीत घालून ठेवलेले. पाहुण्यांपैकी कुणी पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला की बायको माझ्याकडे बघायची आणि मी छताकडे. मधुमेहाने माझ्या पायांच्या नसा खराब केल्या होत्या. दिवस मावळला की तळव्यांवर कुणीतरी मिरचीचा ठेचा थापायला बसायचं. चादरीचं वजनसुद्धा सोसवायचं नाही, म्हणून पाय चादरीबाहेर काढून झोपायचो. बायको म्हणायची, "असे पाय उघडे टाकून झोपू नका हो. खोलीत आलं की काळजात धस्स होतं."

उपाय मी सगळे केले. मोजे उलटे घालायचो, कारण आतली शिवण बोटांना चावायची. सेफ्टी शूज एक नंबर मोठे मागून घेतले. त्यामुळे मी चाललो की बदक आल्यासारखा फटक फटक आवाज यायचा आणि मशीनवर पेंगणारे ऑपरेटर आधीच सावध व्हायचे. संत तुकाराम नगरमधल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी जळजळ थोडी कमी व्हायची आणि झोप भरपूर यायची. एकदा कंपनीच्या बसमध्ये असा गाढ झोपलो की माझा काळेवाडीचा स्टॉप मागे पडला. डोळे उघडले तेव्हा ड्रायव्हर खांदा हलवत म्हणत होता, "काका, उठा, गाडी धुवायचीय."

डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रोज तळपाय आरशात बघायचे, आणि अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. मी मान हलवली. चाकणच्या कंपनीत मी प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग काढणाऱ्या विभागाचा, सुपरवायझर. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी माणसांना ओळीत उभं करून सेफ्टीवर बोलायचं काम माझंच होतं. बिनबुटाचा माणूस दिसला की मी त्याला घरी पाठवायचो. माझं बोलणं ऐकताना माणसं कशी मान हलवतात, हे मी रोज बघत होतो. डॉक्टरांपुढे मी अगदी तशीच हलवली.

आमच्या शॉपमधला फिटर कंपनीच्या मागच्याच गावचा. जिथे आज प्रेस उभी आहे तिथे त्याच्या चुलत्याचा कांदा व्हायचा. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी बूट काढून पाय थंड फरशीवर टेकवून बसलो होतो. तो म्हणाला, "साहेब, गोळ्या घ्या, पण आमच्या देवीला एकदा बोलून बघा."

"काय बोलू?"

"दुखायचं थांबलं तर नवरात्रात नऊ दिस अनवाणी. आमच्यात समदे करत्यात. पण बोलल्यावर मागं फिरायचं न्हाई. देवी तापट हाय."

"नाही फेडला नवस तर काय होतं?"

"न फेडता कुणी ऱ्हायलंच न्हाई आजवर. त्यामुळं म्हायती न्हाई."

मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमावाला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी हसलो असतो. पण ज्याचे पाय जळतात त्याला हसायला सवड नसते. शिफ्ट सुटल्यावर फटक फटक करत त्यांच्या गावामागची देवीची टेकडी चढलो आणि देवीपुढे बोलून आलो.

आणि दुखायचं थांबलं. एकदम नाही. आधी ठेचा मिळमिळीत झाला, मग नुसत्या मुंग्या उरल्या, मग उजव्या पायातल्या मुंग्याही गेल्या. डावा थोडा कुरकुरत होता, पण एवढ्या मोठ्या देवीशी एका पायासाठी कोण घासाघीस करतं? मोजे फ्रिजमधून कपाटात गेले. चादर पायांवर आली. मी चाकणमधून पेढे आणले, शॉपभर वाटले आणि प्रसाद म्हणून स्वतःही खाल्ले. साखर असलेल्या माणसाला प्रसाद सापडला की तो एकावर थांबत नाही. डॉक्टरांची ठरलेली तारीख टाळली. दुखत नसताना डॉक्टरांकडे जाणं मला भूक नसताना पंगतीला बसण्यासारखं वाटलं.

फिटरने पेढा तोंडात टाकला. "एवढ्या लवकर?" तो म्हणाला. "आमच्या देवीनं एवढी घाई कवा केली न्हाई बघा." तो हसला. मीही हसलो.

त्याच आठवड्यात मी काळेवाडीत भाजी घेऊन घरी निघालो होतो. दारापाशी पोहोचतो तोच भाजीवाल्या मावशी मागून धापा टाकत आल्या. "अहो दादा, किती हाका मारायच्या? हे घ्या." त्यांच्या हातात माझी उजवी चप्पल होती. ती त्यांच्या गाडीपाशीच निसटली होती. मी एक पाय चपलेत आणि एक उघडा असा अख्खा रस्ता चालत आलो होतो, आणि मला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी हा किस्सा नक्कल करून सांगितला. सगळी बस हसली. घरी बायको मात्र हसली नाही.

"कळलं कसं नाही तुम्हाला?"

"विचारात होतो."

"कसल्या?"

कंपनीच्या, म्हणालो.

घटस्थापनेला चपला माळ्यावर टाकल्या आणि अनवाणी निघालो. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वर्षानुवर्षं मान न हलवणारे शेजारी "काय दादा, यंदा नवरात्र का?" असं अदबीने विचारू लागले. गेटपर्यंत अनवाणी आणि गेटच्या आत सेफ्टी शूज. ही तडजोड देवीला चालेल का, असं मी फिटरला विचारलं. "देवीला चालंल," तो म्हणाला. "न चालून करती काय? गेटवर सेफ्टीचं भाषण तुमचंच हाय."

सहाव्या माळेला फर्स्ट शिफ्ट सुटली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डांबरावर उभं होतं. बसला उशीर झाला. गेटबाहेर आमच्यासारखे अनवाणी पाच-सहा जण होते, सगळे तिशीच्या आतले. ते गरम तव्यावर पडल्यासारखे एकेक पाय उचलून नाचत होते. शेवटी ते पिंपळाच्या सावलीकडे पळाले. मी हललो नाही. डावा पाय जरा चुरचुरला, म्हणून बगळ्यासारखा सगळा भार उजव्यावर दिला आणि भर उन्हात उभा राहिलो.

"काका, पाय भाजत नाहीत का?" सावलीतून एकाने विचारलं.

"श्रद्धा असली की नाही भाजत," मी म्हणालो. आणि बस येईपर्यंत श्रद्धेवर बोललो. त्याच रस्त्यावरून भंगाराचे ट्रक जातात आणि आमच्याच प्रेसवरचं पत्र्याचं कातरण सांडत जातात. रस्ता झाडून घ्यावा, अशी लेखी तक्रार मीच केलेली होती.

अष्टमीच्या संध्याकाळी मी सोफ्यावर चहा पीत बसलो होतो. बायको दिवा लावायला बाहेर आली आणि दारातच थांबली. "कुंकू कुणी सांडलं?" दारापासून आतपर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल ठसे उमटले होते. गौर घरात आणताना पावलं काढतात तसे, पण एकाच पायाचे. ती वाकून एकेक ठसा बघत पुढे आली. शेवटचा ठसा माझ्या पायाखाली होता.

"पाय वर करा."

मी केला. तिने मोबाइलचा उजेड टाकला. मोठा फोड येऊन फुटला होता. कडेची कातडी पांढरी पडली होती आणि बोटांकडे काळपट झाली होती. मधोमध पत्र्याची बारीक चंद्रकोर चकाकत होती. ती किती दिवस माझ्याबरोबर बुटात जाऊन येत होती, देव जाणे.

"वास केव्हापासून येतोय हा?" तिने विचारलं. मग स्वतःच हळू म्हणाली, "मला वाटलं, घटापुढची फुलं कुजली."

"अगं, पण दुखत नाहीये."

"अहो, म्हणूनच तर."

ती कपडे बदलायला उठली. आणि तेव्हा मी जे बोललो ते माझ्या सगळ्या गाढवपणांत पहिल्या नंबरचं होतं. म्हणालो, "दसरा परवावर आलाय. मागे फिरायचं नाही असं बोललोय मी. परवा संध्याकाळी जाऊ."

मी चेष्टा करत नव्हतो. पाय समोर दिसत असूनही मला भीती वाटत होती ती टेकडीवरच्या देवीची.

ती वाद घालत बसली नाही. घटापुढे जाऊन हात जोडून काहीतरी पुटपुटली. मग स्टुलावर चढून माळ्यावरच्या माझ्या चपला काढल्या, माझा पाय स्वच्छ फडक्यात बांधला, आणि स्वतःच्या चपला दाराबाहेरच्या रॅकखाली ढकलून दिल्या.

"उरलेलं मी चालते. देवीला सांगितलंय तसं. चला."

"आणि शाळेत अशीच जाणार?" ती शिक्षिका आहे.

"पाय माझे आहेत."

दवाखान्याच्या आवारात बारीक खडी पसरलेली होती. मला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि ती मागून चालत आली. दर दोन पावलांमागे मला तिचा आवाज ऐकू येत होता, दातांतल्या दातांत दाबलेला "स्स". आपल्याच बायकोचा एवढा हेवा मला कधी वाटला नव्हता.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड दोरा काढला. "डोळे मिटा. पायाला लागलं की हो म्हणा." शाळेपासून मी अंदाजाने पास होत आलोय. दोरा कधी टेकत असेल त्याचा ताल धरला आणि म्हणालो, "हो." थोड्या वेळाने पुन्हा, "हो." मग तिसऱ्यांदा, "हो."

"मी अजून दोरा लावलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे उघडले. कुणीही हसत नव्हतं.

"दुखणं थांबलं ते नस बरी झाली म्हणून नाही," ते म्हणाले. "दुखतंय हे कळवणारी नसच गेली."

"पाय वाचेल ना?" बायकोने विचारलं.

"आधी बोटांचं बघू," डॉक्टर म्हणाले.

उजव्या पायाची दोन बोटं गेली. पाय राहिला. डॉक्टर दर वेळी "अजून राहिलाय" असं म्हणतात. फिटर भेटायला आला तो देवीचा प्रसाद घेऊन. "वहिनींनी नवस पुरा केला, बरं झालं," म्हणाला. निघताना बँडेजकडे बघत दारात घुटमळला. "साहेब, शॉपमध्ये कुणी इचारलं तर आमच्या देवीचं नाव नका काढू."

आता मला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलंय. रोज सकाळी मी बूट घालायच्या आधी बायको त्यात हात घालते, विंचू शोधावा तसा बोटांनी कानाकोपरा चाचपते आणि मग बूट माझ्यापुढे ठेवते. संध्याकाळी तळव्यांखाली आरसा धरते. डावा पाय मात्र वर्षभर इमानाने जळला. त्याचा एकट्याचा मोजा पुन्हा फ्रिजमध्ये गेला आणि त्यावरून घरात कुणी कुरकुर केली नाही. तो जळतोय म्हटलं की बायकोच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा.

या आठवड्यात मला चादर जड लागली नाही. मी काही बोललो नाही. नवरात्र तोंडावर आलंय, घरात साफसफाई चालू आहे, म्हटलं बघू दोन दिवस.

आज सकाळी तिने दही काढायला फ्रिज उघडला. पातेल्याशेजारची जागा रिकामी होती. दार तसंच उघडं धरून ती वळली.

"डावा दुखत नाहीये का?"

मी छताकडे बघितलं.