सेक्शनकाकांचं ब्लेड

सेक्शनकाकांनी कापलेल्या काकडीतून वर्तमानपत्र वाचता यायचं. ही अतिशयोक्ती नाही. मी वाचलेलं आहे. काकडीची चकती कागदावर ठेवायचे आणि म्हणायचे, "वाच." खालची अक्षरं दिसली तर काप बरोबर, नाहीतर चकती तोंडात टाकून दुसरी कापायला घ्यायचे. शर्टाच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात, काकांच्या खिशात अर्धं ब्लेड असे, वेष्टणाच्याच कागदात गुंडाळलेलं. डाव्या अंगठ्यावर इतक्या बारीक रेघा होत्या की अंगठ्याचा ठसा घेताना बँकेतला माणूस वैतागत असे.

दिल्लीतल्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते. सेक्शन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा पातळ काप, त्यावरून हे नाव. मूळचे अमरावतीकडचे. माझे बाबा नागपूरचे, केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून. आमच्या सरकारी क्वार्टर्सपासून त्यांची क्वार्टर दहा मिनिटांवर. विदर्भ-मराठवाड्यातली आमची पन्नासेक घरं विहारात आणि जयंतीच्या कार्यक्रमात भेटायची. कार्यक्रम संपला की पाहुण्यांच्या गळ्यातले हार टेबलावर पडलेले असायचे. काका त्यातला एखादा झेंडू उचलून त्याचा देठ कापत बसायचे. शेजारी भाषण चालू असलं तरी.

मी त्यांच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला लागलो. राखीव जागेवर. ते नव्वदीचं दशक होतं. वर्गातली पोरं जीन्स आणि परदेशी कंपन्यांतल्या नोकऱ्यांबद्दल बोलायची. मला अभ्यासापेक्षा बाजार जास्त कळायचा. करोल बागेत कोणत्या गल्लीत कोणता माल कितीला सुटतो हे मला तोंडपाठ होतं, आणि भाव करताना मी आवाज चढवायला लाजत नसे. त्यातच बाबांच्या बदलीची ऑर्डर आली, जूनपासून नागपूर. त्यांनी मला समोर बसवलं.

"पास झालास तर तुला हॉस्टेलमध्ये ठेवतो. नापास झालास तर आमच्याबरोबर सामान बांधायचं. नागपूरला मामाच्या दुकानात बसशील."

मामाच्या दुकानात मला मरेपर्यंत बसायचं नव्हतं. मला दिल्लीत राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी काकांच्या दारात उभा राहिलो.

काकांची शिकवायची एकच पद्धत होती. "पुस्तक नंतर. आधी काप." रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात सतरंजीवर सूक्ष्मदर्शक, दोन वाट्या पाणी आणि काप रंगवायच्या लाल रंगाची बाटली. पान पातळ असतं, हातात धरून कापता येत नाही, म्हणून बटाट्याला चीर पाडून त्यात पान खोचायचं आणि बटाट्यासकट कापायचं. कापून उरलेले बटाटे काकू भाजीत घालायच्या. आम्ही जेवायला बसलो की त्या म्हणायच्या, "आज भाजीत पानं निघाली तर बोलू नका, शिक्षण आहे ते."

मी पुस्तकात तीनदा वाचून विसरायचो ते काका एका वाक्यात बसवायचे. सूर्यफुलाच्या खोडात नळ्यांचे जुडगे गोलाकार बसलेले असतात, मक्याच्या खोडात कसेही विखुरलेले. "सूर्यफूल म्हणजे आपली जयंतीची मीटिंग, सगळे गोल करून बसलेले. मका म्हणजे बसस्टॉप." झायलम पाणी वर नेतं, फ्लोएम अन्न पोचवतं. "पाणी वर चढवणाऱ्या पेशी मेलेल्या असतात, बाबू. मेल्यावरसुद्धा ड्यूटी करतात. सरकारी नोकरीत असं कोणी पाहिलंयस?"

मी घासाघीस करायचो. "काका, एवढं सगळं कशाला? दर वर्षी येतात ते पाच प्रश्न सांगा."

"पाच सांगितले तर चार करशील, आणि मला तीनवर आणशील. तू बस. काप."

फाइलचं प्रकरण मार्चमध्ये झालं. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये वर्षभराच्या आकृत्या काढून जमा कराव्या लागतात. मला वेळ नव्हता. एका सीनिअरला मी करोल बागेतून निम्म्या भावात डेनिमचं जॅकेट मिळवून दिलं आणि बदल्यात त्याची फाइल घेतली. खिडकीच्या काचेवर कागद धरून सगळ्या आकृत्या उतरवल्या. काम इतकं सुबक झालं की मीच ती फाइल काकांना दाखवायला नेली.

काका पानं उलटत सूर्यफुलाच्या खोडापाशी थांबले. चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

आकृतीत एका बाजूला जाड काळ्या कडेचं मोठं वर्तुळ होतं. मी त्याला छान छाया दिली होती. "पेशी आहे. मोठी पेशी."

"हा बुडबुडा आहे," काका म्हणाले. "काच नीट ठेवली नाही की खाली हवा अडकते. सहा वर्षांपूर्वी एका पोराने स्लाइड बघून प्रामाणिकपणे काढला. त्यानंतर दर वर्षी हा बुडबुडा माझ्यासमोरून जातो. मागच्या वर्षी एकीने त्याला नावसुद्धा दिलं होतं. तुझा सगळ्यात सुंदर आहे."

आत काकू हसल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, प्रॅक्टिकलच्या मॅडम सह्या करतात ना, त्यांना दिसत नाही ना, मग तुम्हाला काय त्रास आहे? आणि पेन्सिल भिंतीवर फेकली. काकांनी ती उचलली, खिशातल्या ब्लेडने टोक काढलं आणि माझ्यापुढे ठेवली. "सगळ्या परत काढ. दिसेल ते काढ. वाकडं दिसलं तर वाकडं."

मी काढल्या. तीन आठवडे लागले. फाइलला मॅडमनी सही केली. त्यांनी जुनी आणि नवी यातला फरक ओळखला असता असं मला वाटत नाही.

आता प्रॅक्टिकल परीक्षेचं. तिथे एक रीत होती, आणि विज्ञान शिकलेल्या कोणालाही ती माहीत असेल. विद्यार्थी खोड कापतो, त्याचं सेक्शन धड येत नाही, घाम फुटतो. मग असिस्टंट ट्रे घेऊन बाजूने जातो आणि ब्रशच्या टोकावरून एक तयार सेक्शन विद्यार्थ्याच्या काचेच्या वाटीत सोडतो. कोणी मिठाई देतं, कोणी काहीच देत नाही. परीक्षेच्या दोन आठवडे आधी मी काकांना सरळ विचारलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी ट्रे घेऊन फिरणार. माझं अडलं तर बघाल ना?"

काका बटाटा कापत होते. कापत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी बाजारात वाढलेला माणूस. गप्प झालेला दुकानदार म्हणजे पटलेला दुकानदार, एवढंच मला माहीत होतं. मी सौदा झाला असं धरलं आणि त्या रविवारपासून व्हरांड्यात जाणं बंद केलं. थिअरी घोकत बसलो. ही चूक माझी, मी ती नाकारत नाही.

परीक्षेत चिठ्ठी उचलली तर भोपळ्याचं खोड निघालं. भोपळ्याचं खोड आतून पोकळ. हात जरा जड पडला की वर्तुळ फाटून होडी होते. माझ्या सगळ्या होड्या झाल्या. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक वाटीत डोकावून म्हणाले, "ये स्टेम है या सलाद?" मागची पोरं हसली.

शेजारच्या टेबलावर रितू नावाची मुलगी होती. तिचं बोट कापलं होतं आणि ती रडायच्या बेतात होती. काका ट्रे घेऊन आले. परीक्षक पाठमोरे झाले. काकांनी ब्रश तिच्या वाटीत बुडवला आणि पुढे सरकले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक अख्खं, गोल, पातळ सेक्शन तिच्या पाण्यात तरंगत होतं.

मी खोकलो. काका माझ्याकडे आले. मी वाटी पुढे केली. त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं कोरं ब्लेड काढलं आणि टेबलावर ठेवलं. हळूच मराठीत म्हणाले, "जुनं बोथट झालंय. यानं काप. वेळ आहे."

वेळ दहा मिनिटं होती. रागाने हात जडच पडत होता. मी आणखी चार होड्या कापल्या.

निकालाच्या कागदावर थिअरीत पास, प्रॅक्टिकलमध्ये तीन गुणांनी नापास. बाबांनी ट्रंका बांधल्या. मी स्टेशनवर त्यांना पोचवायला गेलो आणि त्यांच्याबरोबर गाडीत बसलो नाही. आई खिडकीतून रडत होती. बाबा समोर बघत होते. पुन्हा परीक्षा देता आली असती, पण त्या प्रयोगशाळेची पायरी परत चढायची नाही हे मी ठरवलं होतं, आणि मी ठरवलं की ठरवलं.

नोएडात तेव्हा सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते. रस्त्याकडेच्या एका नर्सरीत मी कामाला लागलो. पाच वर्षांनी माझी स्वतःची नर्सरी झाली. बंगल्यांच्या बागा, ऑफिसं, मग मानेसरच्या कारखान्यांपुढची लॉनं. एकदा एका साहेबाने रांगेने लावलेल्या पामचे शेंडे छाटायला सांगितले, झाड घनदाट होईल म्हणून. माझा स्पर्धक कात्री घेऊन तयार होता. मी म्हटलं, "सर, इसका एक ही सिरा है। काटा तो गया।" पामला वाढायला एकच शेंडा असतो. ते काम मला मिळालं. पण नंतर एका मोठ्या कंपनीच्या टेंडरमध्ये अट आली, मालक विज्ञानाचा पदवीधर हवा. मी तिथे बसून वाद घातला, आवाज चढवला, उपयोग झाला नाही. त्या दिवशी घरी येताना मला भोपळा आठवला नाही. रितूच्या वाटीतलं ते गोल सेक्शन आठवलं.

काका निवृत्त झाल्यावर नोएडातच मुलाकडे राहायला आले. एका दुपारी नर्सरीत आले. केस पांढरे, खिशात ब्लेड तसंच. मी खुर्ची दिली, चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवलं नाही.

"काका, रितूला दिलंत. मला का नाही दिलं?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "तिला दिलेलं कोणी पाहिलं असतं तर म्हणाले असते, पोरगी घाबरली होती, म्हाताऱ्याला दया आली. तुला दिलेलं पाहिलं असतं तर म्हणाले असते, बघा, हे असेच पास होतात. त्या खोलीत मी हेच ऐकत आलो, बाबू. मला वाटलं, तुझ्याबद्दल तरी कोणाला म्हणता येऊ नये. आणि तुला येत होतं. मार्चमध्ये तू माझ्यासमोर भोपळा कापला होतास."

"म्हणू द्यायचं होतं, काका. चार दिवस म्हणाले असते आणि विसरले असते. माझ्याकडे डिग्री राहिली असती."

काकांनी कप खाली ठेवला. या वेळी त्यांच्या गप्प बसण्याचा मी कसलाच अर्थ लावला नाही. मग ते उठले, जास्वंदीच्या कुंडीपाशी गेले, पान उलटवून म्हणाले, "याला मिलीबग लागलाय. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढ. फवारा मारू नकोस." आणि मिलीबगवर बोलत राहिले.

दोन वर्षांनी ते गेले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. एकेक जण उठून सांगत होता, काकांनी कुणाचं वाईट केलं नाही. मलाही बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "काकांनी मला वनस्पतिशास्त्र शिकवलं. आणि काकांच्यामुळेच मी त्यात नापास झालो." लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. मी बसलो.

जेवणाच्या वेळी काकूंनी मला बाजूला बोलावलं. त्या हसलेल्या नव्हत्या.

"तुझ्या निकालानंतर ह्यांनी परीक्षेची ड्यूटी कधी घेतली नाही," त्या म्हणाल्या. "दर वर्षी नाव यायचं, दर वर्षी लिहून द्यायचे, तब्येत बरी नाही. निवृत्त होईपर्यंत. मी म्हणायची, अहो, धडधाकट तर आहात. तर म्हणायचे, तिथे गेलं की एकाला द्यावं लागतं आणि एकाला नाही द्यावं लागतं."

मी ताट हातात धरून उभा राहिलो. हे त्यांनी मला स्वतः सांगायला हवं होतं. नर्सरीत आले होते, माझ्या खुर्चीत बसले, माझा चहा प्यायले. मी तोंडावर विचारलं होतं. आणि तासभर बोलले ते मिलीबगबद्दल.