रोलरवाल्या नानांची टर्बो गाडी

नवा रस्ता दिसला की नाना आधी त्यावर उजव्या पायाची टाच आपटायचे. मग मान तिरकी करून, जमिनीतून कोणी उत्तर देणार असल्यासारखे थांबायचे आणि निकाल द्यायचे, "हाऊ दाबेल नही." हा दाबलेला नाही. इंजिनियरने काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकदा आमच्या देवपुरातल्या नव्या कार्यालयात लग्नाला गेले, तर चकचकीत फरशीवर टाच आपटून नवरदेवाच्या बापाला म्हणाले, "खाले पोकळ शे." तो बिचारा वरात निघेपर्यंत हलक्या पावलांनी चालत होता. नानांचे निकाल पुष्कळदा चुकायचे. ते कार्यालय अजून ठणठणीत उभं आहे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा परीक्षक असेल. फरक इतकाच, की आमच्या नानांना परीक्षेचा हक्क होता. त्यांनी उभी नोकरी सरकारी रोडरोलरवर काढली होती. धुळे जिल्ह्यातले कितीतरी रस्ते त्यांच्या चाकाखालून गेले. आयुष्यभर माणसाच्या चालीने चाललेला हा गृहस्थ निवृत्त झाला आणि त्याने शिरपूरच्या एका कॉलेजकुमाराकडून पिवळीधमक टर्बो गाडी विकत घेतली.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकांच्या घरात वाढलो. वडील संध्याकाळी पत्रकं वाटायचे, उरलेल्यांत आई माझा डबा बांधायची. मला वाचता आलेला पहिला शब्द 'नागरिकहो!' पुढे मी स्वतः लिहू लागलो तेव्हा उद्गारचिन्ह माझ्या हाताला इतकं बसलं, की वाण्याला दिलेल्या यादीतही 'तूरडाळ!' असं जायचं. त्या वर्षी आमच्या संघटनेची मोहीम खासगी गाड्यांविरुद्ध होती. कर्कश सायलेन्सर, जिवावरचा वेग, उधळलेलं पेट्रोल. सह्या गोळा करत मी नानांच्या दारी गेलो.

"काय पत्रकवाले, आज कोनावर?" नाना म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी पूर्ण पत्रक वाचून घेतलं, मान डोलावली, सही केली आणि म्हणाले, "आते बस गाडीमां. आवाज ऐकाडस तुले."

मी बसलो. विरोध करायचा तर अभ्यास हवा, असं मनाशी म्हणालो. अभ्यास करायला माणूस सीटला इतका पाठ टेकवून बसत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गाडी सुरुवातीला छान ओढायची. नाना पाय दाबत जायचे, तिच्या पोटात एक शिट्टी चढत जायची आणि ऐन भरात आल्यावर ती धाप लागल्यासारखी अडखळायची. नाना पाय काढून घ्यायचे. "तिले दम पुरत नही," ते म्हणायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

कारण साधं होतं. त्या कॉलेजकुमाराने इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, पण टाकीतून पेट्रोल पाठवणारा पंप कंपनीने दिलेला तसाच ठेवला. हवा भरपूर, पेट्रोल तोकडं. तशीच दामटली तर इंजिन आतून भाजून निघालं असतं.

"नाना, मग नका ना दाबू," मी म्हणालो.

"दाबनी शे. एकदाव. मना रस्तावर."

त्यांचा रस्ता म्हणजे नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला, टोकाकडचा. तिथे नुसत्या काटेरी बाभळी होत्या तेव्हा नानांनी तो दाबला. पुढे कारखाने काही त्या टोकापर्यंत पोचले नाहीत. रस्ता रिकामाच राहिला, आणि नानांच्या मते सगळ्या जिल्ह्यात तसा दुसरा नव्हता. "हाऊ रस्ता बनाडताना कुत्रीसुद्धा माले मांगे टाकीसन जायेत," ते सांगायचे. त्या रस्त्यावरून एकदा, कोणी मागे टाकू शकणार नाही असं, त्यांना जायचं होतं.

आणि वेळ फार नव्हता. नानांच्या डोळ्यांची बाजूची नजर विझत चालली होती. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितलं होतं. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला ओट्यावर गाठलं. "तू इतलं लिखस, गावले शिकाडस. याले समजाड ना भो!"

मी समजवायला गेलो. कडाडून बोललो. वेग ही सत्ता आहे, रस्ता सर्वांचा आहे, वगैरे. नानांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बराबर शे. मंग डाव्या बाजूले तू बस आनि काय शे ते सांग."

शेवटी असं ठरलं : पंप बदलायचा, एका रविवारी त्या ओसाड रस्त्यावर एकदा गाडी दाबायची आणि घरी येऊन किल्ली अक्कांच्या हातात द्यायची. ही तडजोड मीच घडवून आणली. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी! असं मी स्वतःला सांगितलं, उद्गारचिन्हासकट.

असल्या गाड्यांचं काम करणारा मेकॅनिक जळगावला होता. पारोळा, एरंडोल करत आम्ही पोचलो. वाटेत मी डाव्या बाजूचा माणूस. "बैलगाडी, नाना. सायकल. आता काही नाही. म्हैस!" इतक्या थोड्या शब्दांत मी आयुष्यात कधी व्यक्त झालो नव्हतो.

मेकॅनिकने मागची सीट उचलली आणि विचारलं, "चाचा, टाकीत किती आहे?"

"फुल्ल!" जळगावात शिरतानाच टाकी भरून घेतलेले नाना अभिमानाने म्हणाले. "इतलं लांब येवानं, रिकामी टाकी लई येऊ का?"

मेकॅनिकने सीट परत खाली ठेवली. "चाचा, पंप टाकीच्या आत असतो. झाकण उघडून वर काढावा लागतो. शेजारी वेल्डिंग चाललंय. काठोकाठ भरलेली टाकी उघडली तर तिघं एकदमच वर जाऊ."

"मग पेट्रोल काढून घे," मी म्हणालो.

"आणि या उन्हात ठेवू कुठं? तुमच्या झोळीत?" माझ्या झोळीत पत्रकं होती. "जा, जाळून या. काटा तळाला आला की या."

जाळून या! पेट्रोल वाचवा म्हणून घसा कोरडा केलेल्या माणसाला हा हुकूम.

ते पेट्रोल आम्ही कसं जाळलं, हे आमच्या संघटनेच्या वार्षिक अहवालात नाही. त्यात फक्त एवढंच आहे, की त्या काळात मोहीम खेडोपाडी पोचली. पोचली, कारण नाना मला रोज गाडीतून न्यायचे. शिंदखेडा, शिरपूर, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. एरवी मी सायकलवर जायचो आणि अर्ध्या वाटेत वैचारिक विश्रांती घ्यायचो. आता 'खासगी गाडी सोडा!' हे पत्रक पिवळ्या टर्बोतून उतरून वाटत होतो.

शिंदखेड्याच्या बाजारात एका भाजीवालीने पत्रक नातवाकडून वाचून घेतलं. मग गाडीकडे बोट दाखवलं. "आनि हाई कोनी शे?"

मी झोळीत हात घालून पत्रकं चाळू लागलो. खिडकीतून नाना म्हणाले, "मनी शे, माय. तो फक्त बठेल शे."

चळवळीत माझं स्थान काय, हे इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं.

जळगावला पोचता पोचता काटा तळाला लागेल एवढंच पेट्रोल उरलं, तेव्हा आम्ही पुन्हा तिकडे गेलो. जुना पंप निघाला. इतक्या गमज्या करणाऱ्या गाडीचा जीव मुठीत मावेल एवढ्या नळकांड्यावर चालला होता. नवा दिसायला तेवढाच, पण ताकदीचा. मेकॅनिकने लॅपटॉप जोडून गाडी तपासली, एक चक्कर मारून आला आणि अंगठा वर केला. नानांनी त्याच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर टाच आपटली आणि गाडीत बसले.

रविवारी सकाळी आम्ही नरडाण्याला गेलो. रस्ता सरळ, मोकळा, दोन्हीकडे बाभळी. मी आधी पायी टोकापर्यंत जाऊन पाहून आलो. कोणी नव्हतं. नानांनी आरसा नीट केला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि गाडी हळूच पुढे घेतली. अजून वेग आलाही नव्हता, तेवढ्यात डावीकडच्या काट्यांतून एक शेळी रस्त्यावर आली.

"शेळी! नाना, शेळी!"

ब्रेक लागला. शेळी बंपरच्या डाव्या कोपऱ्याशी निवांत उभी. नाना समोर पाहत होते. "कोठे शे?" त्यांनी विचारलं.

ती निघून गेल्यावरही त्यांनी गाडी हलवली नाही. मग इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुले येस ना चालाडता?"

मला येत होती. लायसन्सही होतं. संघटनेत ही गोष्ट मी कधी काढली नव्हती.

आम्ही जागा बदलल्या. पहिल्यांदा मी अशी चालवली, की नाना म्हणाले, "हाऊ काय रोलर शे का?" दुसऱ्या खेपेला मी दाबली. शिट्टी चढत गेली. जिथे ती नेहमी धापा टाकायची ती जागा आली, आणि या वेळी ती अडखळली नाही. कोणीतरी पाठीला हात लावून पुढे ढकलावं तशी सुटली. मी ओरडलो. घोषणा नव्हती ती. नुसताच ओरडलो. 'वेग कोणासाठी?' या पत्रकाचा लेखक, डोळ्यांत पाणी, दात बाहेर.

"नाना, ओढतेय! अजून दाबू?"

मी क्षणभर वळून पाहिलं. नाना वेगाच्या काट्याकडे पाहत नव्हते, रस्त्याकडेही नाही. पूर्ण खिडकीकडे वळून, उरलेली नजर कडेच्या बाभळींवर लावायचा प्रयत्न करत होते, आणि त्या सटासट निसटत होत्या.

"धीरे चाल, भो," ते म्हणाले. "माले देखू दे."

खरं सांगतो, पाय लगेच उचलला गेला नाही. मग उचलला. तो सगळा रस्ता आम्ही पहिल्या गिअरमध्ये केला, काचा खाली करून. नाना सांगत होते : इथे डांबराचं पिंप उलटलं होतं, इथे अक्का एकदा डबा घेऊन एवढ्या लांब आली होती, या मोरीवर रोलर बंद पडला आणि मुकादम रडकुंडीला आला होता. जळगावपर्यंत जाऊन बसवलेल्या ताकदवान पंपाला त्या दिवशी पुढे काही कामच उरलं नाही.

दुपारी किल्ली अक्कांकडे गेली. गाडी विकली गेली. नाना आणि अक्का जळगावला मुलीकडे राहायला गेले. आता त्यांना समोरचंही फारसं दिसत नाही. त्यांच्या बंद घराच्या ओट्यावर आमची पत्रकं मात्र अजून पडतात. वाटणारे नवे आहेत, त्यांना माहीत नाही.

परवा कळलं, की सिमेंटचा करायचा म्हणून नानांचा रस्ता खोदायला घेतलाय. मी जाऊन उभा राहिलो. संध्याकाळी नानांना फोन लावला. सांगावं की नाही या विचारात होतो, पण सांगितलं.

नानांनी विचारलं, "खालथून काय निंघनं?"

"दगड, नाना. निघतच नव्हते. जेसीबीचे दात घसरत होते. ड्रायव्हर शिव्या देत होता."

"कोनले?"

"हा रस्ता ज्याने दाबला त्याला."

नाना हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, फोन खाली पडल्याचा आवाज आला, मागून अक्का "काय व्हयनं, काय व्हयनं" करत आल्या, आणि खोकल्यातून नाना त्यांना सांगत होते, "आयकं का, आयकं का, शिव्या दी राहिना तो!"