झावळ्या न्यायला आलेला मामा

दौंडच्या रेल्वे कॉलनीतला तो माणूस मी एकदाच पाहिला. दारातला नारळ बघून त्यानं मोटारसायकल थांबवली, चप्पल काढून अंगणात आला आन् म्हणाला, "आबा, थोड्या झावळ्या पाहिजेत."

ते झाड माझ्या बायकोनं लावलेलं. ती गेल्यापास्नं मी त्याला कुणाचा हात लागू दिला न्हवता. म्हटलं, "कशाला?"

"बहिणीची मुलगी मोठी झाली. आमच्या तमिळ लोकांत मामा हिरवी झोपडी बांधतो, मुलीला त्यात बसवतात. पाहुणे येतात, जेवण असतं."

"असल्या गोष्टीचा बोभाटा करता व्हय?" मी तोंडावर बोललो. "आन् बाप काय करतो?"

तो हसला. "बापाला काम नाही, आबा. त्यानं फक्त लाजायचं नाही."

माझी लेक शहाणी झाली तवा बायकोनं हिरव्या बांगड्या आणायला सांगितल्या होत्या. मी कासाराच्या दुकानापर्यंत गेलो आन् लाजून रिकाम्या हातानं परतलो. चार दिवस रानातच झोपलो.

"घे," म्हटलं. त्यानं आधी बुंध्याला हात लावून नमस्कार केला. झाड ठेंगणंच; कापलेली एकेक झावळी खाली न टाकता माझ्या हातात दिली.

लेकीला काही सांगायचं असलं की मी बायकोकरवी सांगायचो. त्या दिवशी पहिल्यांदा फोन मीच लावला. लेक घाबरलीच.

"आबा, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय," म्हटलं. "तुझ्याशीच बोलायचं हाय."