ओटीचे खण

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली चोरी कुठल्या ठाण्यातली, हेही नीट सांगता येत नाही. ही एक मात्र जशीच्या तशी लक्षात आहे, आणि आठवली की मान खाली जाते. नावं मी कुणाचीच घेणार नाही. खरं तर माझंही कुणाला कळलं नाही तर बरं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथला मी सब-इन्स्पेक्टर होतो. बायकोच्या छळाबद्दलचं ४९८-अ कलम येऊन काही वर्षं झाली होती, पण ते वापरायची ठाण्यात कुणाला हौस नव्हती. बाई मार खाऊन आली की ठाणे अंमलदार एन.सी. लिहून घ्यायचा. म्हणजे नोंद व्हायची, तपास व्हायचा नाही. मग नवऱ्याला बोलावणं जायचं. मी त्याला दम भरायचो, कधी एखादी ठेवूनही द्यायचो, आणि समेट घडवायचो.

इथवर सगळीच ठाणी करत होती. मी त्यात माझी भर घातली होती. समेट झाला की आमची एकुलती एक महिला शिपाई त्या बाईला हळदकुंकू लावून तिची ओटी भरायची. नारळ, तांदूळ आणि खण. "हे तुझं माहेरच समज," असं म्हणून मी तिला नवऱ्याबरोबर घरी पाठवायचो. उल्हासनगर कॅम्प चारमधला एक सिंधी कापडवाला त्यासाठी खणांचे गठ्ठे फुकट द्यायचा. "साई, पुण्याचं काम आहे, पैसे कसले घेऊ?" म्हणायचा. दर वेळी गठ्ठा एकाच नक्षीचा असायचा. तो संपला की पुढचा वेगळा. वरिष्ठांनी एकदा मीटिंगमध्ये सर्वांसमोर माझं कौतुक केलं आणि मी चांगलाच फुगलो. माझ्याकडून ओटी घेऊन गेलेली बाई सहसा परत येत नसे. परत आली नाही म्हणजे सुखाने नांदते आहे, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

एके दिवशी मोरिवलीच्या कारखान्यातला एक टर्नर बायको हरवल्याची तक्रार घेऊन आला. मी त्याला ओळखलं. आठवड्यापूर्वीच मी त्यांचा समेट केला होता. पोपटी रंगावर लाल ठिपक्यांचा नवा गठ्ठा त्याच दिवशी फोडला होता आणि त्यातला पहिला खण तिच्या ओटीत गेला होता. त्यानंतर दुसरा दिलेला नव्हता.

"साहेब, तुम्ही समझोता केला, मी तिला प्रेमाने घरी नेली," तो हात जोडून म्हणाला. "आता बघा, पोरगीला घेऊन पळाली. कुणीतरी फोडली तिला. त्या संस्थेवाल्या बाईचंच लफडं असणार."

मला त्याची दया आली आणि तिचा राग आला. मी केलेला समेट तिने मोडला, असंच मला वाटलं. मी मिसिंग दाखल केली आणि तपास स्वतःकडे घेतला.

स्टेशनबाहेरचा एक रिक्षावाला माझा खबरी होता. तो म्हणाला, "बुवापाड्यात ती चष्मेवाली ताई आहे ना, तिच्या खोलीवर अशा बायका येतात साहेब. कोण, कुठची, आपण विचारत नाय. पण रडत येतात."

ही ताई म्हणजे एका कारखान्यातल्या अधिकाऱ्याची बायको, पन्नाशीची. एका महिला संस्थेचं काम करायची. बुवापाड्यात तिने दोन खोल्या घेतल्या होत्या. मार खाल्लेल्या बाईबरोबर ती ठाण्यात येऊन बाकावर बसायची आणि शांतपणे म्हणायची, "एन.सी. नको, गुन्हा नोंदवा." ती दारात दिसली की आमचे हवालदार पुटपुटायचे, "कटकट आली." मीही हसायचो.

मी तिला ठाण्यात हजर राहायचा निरोप धाडला. तिचा उलट निरोप आला: "बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. साहेबांनीच यावं. चहा करते." कायदा तिच्या बाजूने होता. मी चरफडत जीप काढली. ओळख पटवायला नवऱ्याला बरोबर घेतलं आणि त्याला हवालदारासोबत गल्लीच्या तोंडाशी उभं केलं.

चौकशीची माझी एक रीत होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला ती शांतता सोसत नाही, तो बोलून मोकळा होतो. ताईला ती खुशाल सोसत होती. तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"ती बाई तुमच्याकडे आहे?"

"माझ्याकडे पुष्कळ जणी येतात."

"काय करता तुम्ही त्यांचं?"

"पहिल्या दिवशी काहीच नाही. जेवायला घालते आणि झोपू देते. मग दवाखाना. मग ती म्हणेल तिथे बरोबर जाते. कोर्टात, पोराच्या शाळेत, तुमच्या ठाण्यातसुद्धा."

"बायकांना घरातून फोडता, असं लोक म्हणतात. पळवून नेल्याचा गुन्हा लागू शकतो."

"लावा," ती म्हणाली.

मी आणखी आवाज चढवणार तेवढ्यात खाटेवर पसरलेल्या गोधडीकडे माझं लक्ष गेलं. अर्धवट शिवलेली होती. कडेच्या नव्या तुकड्यात सुई तशीच टोचून ठेवलेली. तो तुकडा पोपटी होता, त्यावर लाल ठिपके होते.

"ती इथेच आहे," मी म्हणालो.

केस फुटली होती. एवढ्याशा चिंधीवरून माणूस शोधून काढला म्हणून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? तो आनंद घेऊनच मी बाकीच्या गोधडीवर नजर फिरवली. जांभळा फुलांचा, पिवळा रेघांचा, केशरी, शेवाळी. सगळे माझे होते. माझ्या कपाटातून गेलेल्या गठ्ठ्यांतला जवळजवळ प्रत्येक रंग त्या खाटेवर होता.

"हे तुमच्याकडे कसे आले?" मी विचारलं.

"त्याच घेऊन येतात. शिवून अंगात घालवत नाही, आणि ओटीचा खण टाकायचा तरी कसा? म्हणून माझ्याकडे ठेवून जातात." मग ती म्हणाली, "तुमचे खण आम्हाला लांबून ओळखू येतात, साहेब."

माझ्या आवाजाने आतली बाई जागी झाली असावी. ती दारात आली. डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मागे पोरगी तिचा पदर धरून. मला बघितलं तशी ती मागे सरली. तिची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, हातांकडे होती. हातात काही आणलंय का, ते ती बघत होती.

"साहेब, परत ओटी भरणार काय?" तिने विचारलं.

तीच पुढे म्हणाली, "तुमची ओटी पदरातच होती, तवाच त्यानं हात पिरगाळला. तांदूळ सगळे दारात सांडले. मी नाय जाणार आता. तुम्ही मारा पायजे तर."

तिने हे चिडून म्हटलं नाही. नवऱ्यानंतर आता पोलीस मारतील, हे तिने धरूनच ठेवलं होतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी तिथेच तिचा जबाब लिहून घेतला. ती सज्ञान होती, स्वतःच्या मर्जीने आली होती, मिसिंगचा प्रश्न तिथेच मिटला. सरकारी दवाखान्याचा दाखला ताईने तयार ठेवला होता. गल्लीच्या तोंडाशी नवरा पुढे आला. "मिळाली का साहेब?"

"मिळाली," मी म्हणालो. "ती येणार नाही. तू चल." त्याच जीपमधून त्याला ठाण्यात नेला आणि हात मोडल्याचा व छळाचा गुन्हा दाखल केला. तेवढं केलं म्हणून माझी लाज काही कमी झाली नाही.

पुढे मी उरलेला पोपटी गठ्ठा ताईकडे घेऊन गेलो. गोधडीला उपयोगी पडेल म्हटलं. तिने हात लावला नाही. "मला पुरे झाले. हे तुम्हीच सांभाळा."

निघताना मी आणखी एक विचारलं. बदलापूरच्या पलीकडे, बारवीकडच्या एका पाड्यावरची कोवळी पोर होती. माझ्या पहिल्याच गठ्ठ्यातला निळा खण तिला दिला होता. त्या दिवशी मी गोधडीत निळा शोधला होता, तो दिसला नव्हता.

ताईने आठवून पाहिलं. "निळा माझ्याकडे आलाच नाही."

मी त्या पाड्यावर जाऊन आलो. झोपडी मोकळी होती. नवरा-बायको कामाला कुठेतरी लांब गेली, एवढंच शेजारी सांगू शकले. ती पोर कधी ठाण्यात परत आली नव्हती. त्या काळी मी तिला सुखी धरत होतो.

बाई गप्प झाली म्हणजे तिचं भलं झालं असं नसतं, हे मला त्या केसने शिकवलं. फार उशिरा शिकवलं. तो पोपटी गठ्ठा निवृत्तीनंतर सामानाबरोबर घरी आला. सणावारी बायको म्हणते, कपाटात इतके खण पडलेत, एखादा काढू का ओटीला? मी नको म्हणतो. का नको, ते तिला अजून सांगितलेलं नाही.