मल्हारीच्या पत्रातली अर्धी ओळ

एखाद्या मित्रावरचा तुमचा विश्वास उडाला, तो कुणाच्या बोलण्यावरून — हे कधी तपासलंय तुम्ही?

तपासा. आमच्या टोळक्यात तो बोलणारा मी होतो. आणि हे परवापर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढलो. वडिलांच्या मोर्च्यांतून उरलेले गठ्ठे घरात पडलेले असायचे, त्यांवरच वाचायला शिकलो. एक सवय तिथूनच लागली — कुणी काही बोललं की याच्या मागे कोण आहे, हे आधी बघायचं. जगाला जाब विचारायची सवय. स्वतःला कधी विचारला? नाही.

परभणीच्या कॉलेजात मल्हारी, नारायण आणि मी एका बाकावरचे. मल्हारी फौजेत गेला. नारायणने पालमला सरकी-पेंडीचं दुकान टाकलं. मी पत्रकं लिहू लागलो. पोरं मला 'क्रांती' म्हणायची, थोडं कौतुकानं, जास्त टवाळीनं. दरवर्षी मल्हारीच्या सुट्टीच्या बेतानं आमच्या वर्गातली पोरं चारठाण्याच्या जुन्या देवळात जेवायला जमायची.

मल्हारीचे वडील, सखारामदादा, मेंढरं घेऊन फिरणारे. आज एका शिवारात, उद्या दुसऱ्या. सीमेवर तोफा सुरू झाल्या, चौकीवर मोबाईल जमा करून घेतले, तेव्हा मल्हारी पत्रं लिहू लागला — नारायणच्या दुकानाच्या पत्त्यावर. पत्र आलं की नारायण दादांना फोन लावायचा आणि गिऱ्हाइकांच्या गलक्यात मोठ्यानं वाचायचा.

“दादा, ऐकू यायलंय का? वारं लय हाय तिकडं. थांबा, परत वाचतो.”

एकदा मी तिथेच बसलो होतो. मल्हारीनं लिहिलं होतं : ‘तोफा सुरू झाल्या की आमी उन्हातल्या मेंढरांसारखं एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालतो. दादा, तुमी म्हणायचात ना, अशानं एकाची सावली दुसऱ्याला होती. तसंच हाय. काळजी करू नका.’

नारायण कुणाच्या तरी मोटारसायकलवर पोतं चढवायला बाहेर गेला. पत्र गल्ल्यावर उघडं होतं. मी त्याचा फोटो काढला. चोरासारखा नाही — कार्यकर्त्यासारखा, बिनदिक्कत. माझ्या मते ते चोरीहून वाईट.

आमचं पत्रक युद्धाच्या विरोधात होतं. त्यातली भूमिका मला आजही मान्य आहे. पण मी मथळा दिला — 'पोरं मेंढरांसारखी मरायला पाठवता?' — आणि खाली फक्त पहिलं वाक्य. सावलीचं वाक्य कापलं. का कापलं? त्यानं मथळा लुळा पडत होता. बाप काळजी करू नये म्हणून लेकानं लिहिलेलं मी भित्र्याचं रडगाणं करून छापलं. खाली नाव नव्हतं, 'आपल्या जिल्ह्यातला एक जवान' एवढंच.

पण मोबाईलवरून फिरत फिरत ते सुट्टीवर आलेल्या कुणा जवानाला दिसलं आणि त्याच्याबरोबर मल्हारीच्याच तुकडीत पोचलं. मेंढरांचं कोण लिहिणार, हे तिथं कुणाला विचारावं लागलं? मल्हारी जेवायला बसला की मागून कुणीतरी बें-बें करायचं.

पुढच्या सुट्टीत तो चारठाण्याला आला. ताटाला हात लावला नाही.

“क्रांती, पत्रक तुमच्या लोकांचं हाय. ही ओळ कुठून आली?”

माझं उत्तर तयार होतं — मजकूर बंद पाकिटात आला, वर नाव नव्हतं. खोटं इतकं सफाईनं निघालं की मलाच नवल वाटलं. मग नारायणच बोलला, कुणी न विचारता.

“चूक माझीच असंल गड्या. मी दुकानात मोठ्यानं वाचत होतो. कुणीतरी ऐकलं असंल.”

आणि तेव्हा मी — इथे हात अडतो — मी म्हणालो, “ऐकून एवढं शब्दाला शब्द छापता येतं का बे? कागद कुणाच्या गल्ल्यावर असायचा?”

“नाऱ्या, पेंडीसंगं पत्रं बी विकायलास का?” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. नारायणनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो उष्टी ताटं गोळा करायला लागला. त्यानंतर तो कधी जमायला आला नाही.

निघताना मल्हारीनं मला देवळाच्या खांबाआड नेलं. “पुढची पत्रं तुझ्याकडं टाकतो. दुसरं कोण हाय आता?”

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “टाक.”

तेव्हापासून पत्रं माझ्याकडे येतात. पहिल्यांदा फोन केला तेव्हा दादांनी विचारलं, “नारायणला बरं न्हाई का?” त्याला काम फार आहे, म्हणालो. आता पत्रं आखूड असतात. थंडी आहे, जेवण बरं आहे, सगळे बरे आहेत. मी पूर्ण वाचतो, एक अक्षर सोडत नाही. तरी दादा दर वेळी म्हणतात, “अजून असंल. तू गाळायलास. वाच की बाबा.”

त्यांना काय सांगू? या वेळी गाळलं नाही, असं?

परवा मल्हारीला सगळं लिहून टाकलं. दादांच्या शिवारातल्या मेंढवाड्यावर, मेंढरांत बसून त्यांना सांगितलं. ते उठून गेले. मग पालमला गेलो. नारायण पेंड तोलत होता. ऐकून घेतलं, तागडी खाली ठेवली.

“मला काय सांगायलास? मला ठावं होतं की मी न्हाई केलं. ज्यांच्यापुढं बोललास त्यांला सांग.”

म्हणून हे छापायला दिलं आहे. आमच्या वर्गातले, पालमकडचे कुणी वाचत असाल, तर बाजाराच्या दिवशी चार माणसांत हे मोठ्यानं वाचा. कुणी केलं, असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा — क्रांती.