पन्नाशीची शांत

धारूरच्या आमच्या घरात बापे माणसं पन्नाशी बघत नाहीत, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. सासरे पंचेचाळिसाव्या वर्षी किराणा दुकानात बसल्या जागी गेले. पुढं थोरले दीरही शेहेचाळिसाव्या वर्षी तसेच, छातीला हात लावून. तेव्हा माझे मालक बेचाळीस वर्षांचे होते.

दिराच्या दुखवट्याचे दिवस सरले तसं मी अंबाजोगाईला जाऊन रक्त तपासायचं काढलं. मालक ऐकेनात. दुकानाला तूप घालणाऱ्या धनगर म्हाताऱ्याचा दाखला देऊ लागले. जन्मभर तूप खाऊन तो ऐंशीव्या वर्षी डोंगर चढत होता.

"मी काडीवानी हाय, मला कसला रोग?"

"भाऊजी बी काडीवानीच होते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीत बसले.

मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि खुर्ची पुढं ओढली. म्हणाल्या, पुस्तकातली मापं बहुतेक परदेशातल्या माणसांवरून काढलेली. आपल्याकडं बारीक माणसालाही हृदयाचा रोग लवकर गाठतो. त्यातही घराण्याघराण्यात फरक असतो.

"त्या म्हाताऱ्याचं रक्त वेगळं, तुमचं वेगळं. तुमच्या घराण्यात वाईट चरबी जन्मापासूनच रक्तात जास्त आहे. पण हा शाप नाही. यावर औषध आहे."

हा शाप नाही, रोग आहे, हे मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या लई वेळ रडल्या. दोन माणसं नशिबानं नेली असंच त्या समजत होत्या.

मग मी चुलत घरांत फिरले. कुणी हसलं, कुणी दार लावलं. तरी नऊ जणांना जीपमधून अंबाजोगाईला नेलं. चौघांचं रक्त मालकांसारखंच निघालं. त्यातही सगळ्यांत जास्त हसलेल्या चुलत दिराचं तर त्याहून वाईट.

ही चरबी उतरवणारी गोळी तेव्हा नवीनच मिळू लागली होती. मालकांनी ती एक दिवस चुकवली नाही. पहाटे किल्ल्यापर्यंत चालत जायचे. पुरणपोळीवरची तुपाची धार सासूबाईंनी स्वतः बंद केली. सासऱ्यांचं वय ओलांडलं, भावाचं ओलांडलं, मी बोटांवर वर्षं मोजत राहिले.

पन्नासावं लागलं तेव्हा शांत करायची ठरली. पण आमच्यात ती कशी करतात, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमची पूजा सांगणाऱ्या जंगमांना विचारून यावं लागलं. त्या दिवशी मालक आणि ते चौघे चुलतभाऊ एका पंगतीला बसले होते. सासूबाईंनी लेकाला ओवाळलं आणि म्हणाल्या, "आता साठीची तयारी कर."