चालू फोनवरचा तिळगूळ

सुनेचा फोन चालू असताना मी तिच्या तोंडात तिळगूळ कोंबला आणि तिची नोकरी घालवली. तेव्हा मी साठीची होते. म्हणजे तशी कोवळीच, अक्कलदाढ यायची होती.

आमचं घर सणसरला, उसाच्या कडेला. सून बारामतीत शिकलेली, पण लग्नानंतर सात वर्षं ते शिक्षण नुसतं पडून होतं. मग एका दवाखान्याचं काम मिळालं, घरी बसून करायचं. लोकांचे फोन घ्यायचे आणि डॉक्टरांच्या भेटीची वेळ नेमून द्यायची. त्यासाठी हेडफोन आला. दोन्ही कानांवर गाद्या, गालावरून तोंडापुढं आलेली दांडी आणि तिच्या टोकाला माईक.

"बैलाला मुसकी घालत्यात, तसं दिसतंय की गं," मी म्हणाले.

"आत्या, ह्यो जवळचाच आवाज धरतो. पंखा, म्हशी, तुमी, समदं गाळून टाकतो."

"मला बी गाळतो? लई शाना हाय."

"आन ही दांडी वर केली की माझं बोलणं बंद. तिकडच्या माणसाला काय बी ऐकू जात न्हाय. हिला हात लावू नका, तुमच्या पाया पडते."

गाळून गाळून तरी तो किती गाळणार? एकदा दारातल्या ट्रॅक्टरमुळं आणि एकदा माझ्या मिक्सरमुळं तिला ताकीद मिळाली. पारखायचे तीन महिने संपायला आठवडा राहिला होता. तिसरी चूक झाली की काम गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संक्रांतीला बाया ववसायला, म्हणजे हळदकुंकू लावून वाण द्यायला आल्या. माझी चुलतजाऊ म्हणाली, "सून दिसंना? का हापिसर झाल्यावर वाकायचं बंद?"

बाकीच्या खिदळल्या. झालं! मी तिळगुळाची ताटली उचलली आणि तरातरा आत गेले. सून फोनवर बोलत होती. तिनं हातानं 'थांबा' केलं. मला तो हात दिसला नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. दिसला होता. मी दांडी वर सारली, तिळगूळ भरवला, कुंकू लावलं आणि लढाई जिंकल्यासारखी बाहेर आले. दांडी खाली करायची राहिली.

आत ती घास गालात धरून "बोला आजोबा, ऐकतीय मी" म्हणत राहिली. कानात त्यांचं सगळं येत होतं, त्यामुळं आपलं काहीच जात नाही हे तिला कळेना. बायकोच्या छातीत दुखतंय म्हणून वेळ मागणारा म्हातारा होता. हॅलो हॅलो करून तो रडकुंडीला आला आणि त्यानं फोन ठेवून दिला. हे सगळं बोलणं तिकडं साठवलेलं असतं. साहेबानं ऐकलं, तर त्यात म्हातारा एकटाच.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला. मी सुनेच्या डोक्यावरून हेडफोन उतरवला, माझ्या अंबाड्यावर चढवला आणि माईक ओठाला टेकवला.

"सायेब, मी सासू. चूक माझी हाय. तिला काढू नगा."

"आजी, तुमचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतंय," तो भला माणूस म्हणाला. "पण तिसरी ताकीद झाली. माझ्या हातात काही नाही."

त्याला चार वर्षं झाली. तिला दुसरं काम मिळालं नाही, आणि आता ती शोधतही नाही. म्हशींना वैरण टाकते, विचारलं तेवढंच बोलते. मी थट्टा केली तर हसते, पण ते हसू नुसतं माझं मन राखायला असतं, हे मला कळतं.

काम गेलं त्याच आठवड्यात, दवाखान्याचा हेडफोन परत पाठवायला खोक्यात भरून कुरिअरला द्यायला आम्ही दोघी इंदापूरला गेलो होतो. परतीच्या एसटीत मी म्हणाले, "एकदा तरी शिव्या दे की गं मला." ती खिडकीबाहेर बघत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "राहू द्या, आत्या. तुमच्या जागी माझी आई असती, तर बायांसमोर तिनं बी हेच केलं असतं."